बगळीवरच्या दोन सह्या

कोपरगाव रस्त्याला नोव्हेंबरातला अवकाळी पाऊस भुरभुरत होता आणि दीनाची स्कूटी उसाच्या ट्रॉलीमागे अडकली होती. कडेने काढावी तर चिखल, मागे वळावं तर पाठीशी बैलगाडी. वैतागून तिने हॉर्नवर अंगठा ठेवला, आणि तेवढ्यात तिला तो दिसला.

इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, गळ्याभोवती वायरी लोंबणारा पट्टा... आणि डोक्यावर उसाची अख्खी मोळी! ट्रॉलीला टेकवलेल्या फळीवरून तो एकेक पाऊल मोजत चढत होता. "सात... आठ... नऊ..." खाली ऊसतोडणीच्या बाया तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. दहाव्या पावलाला बूट घसरला. मोळी एकीकडे, साहेब दुसरीकडे, आणि चिखल मात्र सगळीकडे.

दीना खळखळून हसली. असं हसू नये हे तिलाही कळत होतं, पण हसू काही विचारून येत नाही.

"हसा, खुशाल हसा," तो चिखलात बसूनच म्हणाला. "पण आधी या वायरींना जोडलेल्या डब्यावरचा आकडा वाचून सांगा. माझा चष्मा गेलाय कुठेतरी."

दीना स्कूटी उभी करून पुढे आली. डबा उचलून तिने आकडा वाचला. "अडतीस. हे काय आहे?"

"मोळीचं वजन, किलोत. दहा पावलांत माझी ही गत झाली." त्याने घोळक्यातल्या एका काटक, सावळ्या बाईकडे बोट केलं. "आणि ही माझी आई. रोज अशा चाळीस-पन्नास मोळ्या डोक्यावरून चढवते. गेली बावीस वर्षं."

दीनाचं हसू जिथल्या तिथे थांबलं. ती बाई मात्र अजून हसत होती. "पोरी, त्येला उठीव आधी. शिकून पार मऊ झालाय त्यो!"

दीनाने हात पुढे केला. तो चिखलाचा, ओला, गार हात तिच्या हातात जरा जास्तच वेळ राहिला, असं तिला वाटलं. की तिनेच सोडला नाही? पुढे कितीतरी दिवस ती याच एका प्रश्नावर अडून बसली होती.

त्याचं नाव आदिनाथ. गाव पाथर्डी तालुक्यातलं तिसगाव. आई भीमाबाई दर दिवाळीनंतर टोळीबरोबर ऊसतोडणीला यायची, आणि तो शिकून शेती अवजारांच्या एका संशोधन केंद्रात कंत्राटी संशोधक झाला होता. मोळी डोक्यावर न घेता ट्रॉलीत चढवणारं यंत्र त्याने कागदावर तयार केलं होतं. केंद्राची योजना अशी की संशोधकाने डोकं द्यायचं आणि एखाद्या छोट्या कारखान्याने हात. मोठ्या कंपन्यांनी त्याला दारातूनच वाटेला लावलं होतं. तोडकऱ्यांसाठी यंत्र म्हटलं की त्यांना मुळी ऐकूच येत नसे.

त्याने चष्मा शोधला, पुसला, आणि स्कूटीच्या डिकीवरची अक्षरं वाचली. "यशया इंजिनिअरिंग वर्क्स, श्रीरामपूर... तुम्ही ट्रॉलीचे हूक बनवता ना?"

"हूक बनवते. पडलेली माणसं उचलायचं काम घेत नाही."

"आत्ताच घेतलंत की," तो म्हणाला.

दीना तोंडाळ म्हणून प्रसिद्ध होती. पण त्या पावसात तिने नुसता वर्कशॉपचा पत्ता सांगितला.

*

श्रीरामपूरच्या औद्योगिक वसाहतीत शेवटच्या गल्लीला दीनाच्या पप्पांचं, यशया साळव्यांचं वर्कशॉप होतं. पप्पांचा उजवा हात लकव्याने गेल्यापासून दीनाच ते चालवत होती. पण तयार हूक बाहेरून येऊ लागले, आणि बारा कामगारांचे तीन झाले. कुलूप लावायचा दिवस फार लांब नाही, हे बाप-लेक दोघांना माहीत होतं, आणि दोघंही ते एकमेकांसमोर बोलत नव्हते.

आदिनाथच्या कागदांवर सही करताना तिने अट वाचली. हंगामाच्या शेवटी शेतावरच्या चाचणीचा अहवाल द्यायचा, त्यावर संशोधक आणि कारखानदार अशा दोघांच्या सह्या हव्यात. अहवाल मंजूर झाला तर यंत्र बनवायचा हक्क दीनाच्या वर्कशॉपला, आणि आदिनाथला श्रीरामपुरातच आणखी दोन वर्षं. नाही झाला, किंवा जोडीदार कारखाना मागे हटला, तर प्रकल्प एकतीस मार्चला बंद.

"म्हणजे यंत्र उभं राहिलं तर आपण उभे," आदिनाथ म्हणाला.

"आपण म्हणजे कोण?" दीनाने कागदावरून डोळे न काढता विचारलं.

"म्हणजे... वर्कशॉप आणि केंद्र."

"अस्सं होय!"

पप्पा लेथ मशीनपाशी बसून चहा फुंकत होते. ते मिशीत हसले.

डिसेंबर कसा सरला, कळलंही नाही. तो रोज सकाळच्या एसटीने यायचा, संध्याकाळच्या एसटीने जायचा, आणि मधल्या वेळात दोघं भांडायचे. हाताची लांबी किती ठेवायची यावरून भांडण, बॅटरी कुठे बसवायची यावरून भांडण. चहात साखर किती, यावरूनसुद्धा! ती वेल्डिंगला बसली की तो दोन पावलं मागे सरकून उभा राहायचा. ठिणग्यांकडे पाहू नका, डोळे जातील, असं तिने शंभरदा बजावलं होतं.

"मी ठिणग्यांकडे बघतच नाही," तो एकदा म्हणाला.

तिने तोंडावरचा मुखवटा वर केला नाही. आत ती लाजेने लाल झाली होती, आणि तेवढ्यापुरता तो मुखवटा फार सोयीचा होता.

यंत्राचा हात पहिल्यांदा उभा राहिला त्या दिवशी वजनाला मोळी नव्हती. "मी बसते," दीना म्हणाली आणि कॅनव्हासच्या पट्ट्यात झोका घ्यावा तशी बसली.

"वजन?"

"पंचेचाळीस."

बटण दाबलं. हात करकरला, आणि दीना अलगद वर गेली. आदिनाथने यंत्राला जोडलेल्या त्याच डब्यावरचा आकडा पाहिला. "एक्कावन्न."

"तुमचं यंत्र खोटं बोलतंय!"

"यंत्र नाही बोलत." तो खाली उभा राहून वर पाहत होता, आणि बटणावरचं बोट काही काढत नव्हता. "कबूल करा, मग खाली घेतो."

"पप्पा! बघा हो हे!"

पप्पांना नेमका त्याच वेळी बाहेर जाऊन बिडी ओढायची आठवण झाली. शेवटी तिने कबूल केलं. खाली आल्यावर तोल गेला तेव्हा त्याने तिला धरलं. त्या दिवसापासून 'तुम्ही'चं 'तू' झालं. कुणी कुणाला सांगितलं नाही, आपोआप झालं.

नाताळला तो घरी आला. दारात चांदणी लटकली होती, घरात करंज्यांचा वास होता. आत यावं की नाही, असा तो उंबऱ्यापाशी घुटमळला. पप्पांनी डाव्या हातानेच त्याला आत ओढलं. "ये रे बाबा. यंत्राला हात दिलास, आता घराला पाय लागू दे." तो करंजी खाताना दीनाकडे पाहत राहिला आणि सगळं सारण शर्टावर सांडलं. दीनाला वाटलं, हेच ते, याहून निराळं सुख काही असेल असं नाही. तिला तेव्हा काय माहीत!

*

फेब्रुवारीत चाचणी झाली, भीमाबाईंच्याच टोळीवर. ट्रॉलीच्या कडेला बसवलेलं ते लांब मानेचं यंत्र पाहून बायांनी लगेच त्याचं बारसं केलं. "बगळी!" कुणीतरी ओरडलं, आणि मग तेच नाव चिकटलं.

बगळीने पहिली मोळी उचलली तेव्हा सगळ्या बाया श्वास रोखून उभ्या होत्या. मोळी वर गेली, ट्रॉलीत आडवी पडली, आणि मान रिकामी परत आली. दुसरी मोळी, तिसरी, दहावी... पन्नासावी. भीमाबाईंनी डोक्यावरची चुंबळ काढून हातात घेतली आणि मान डावीकडे-उजवीकडे वळवून पाहिली. दुपार झाली तरी मान वळत होती. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आदिनाथने आईकडे पाहिलं, मग दीनाकडे. त्या नजरेत जे होतं त्याला शब्दांची गरज नव्हती, आणि दीनाने मनातल्या मनात 'हो' म्हणून टाकलं.

टोळीचा मुकादम मच्छिंद्र जरा बाजूला उभा राहून बोटांवर काहीतरी मोजत होता. दिवस कलल्यावर तो पुढे आला.

"सायेब, यंत्र लई झ्याक हाय. मला अशा दोन द्या. पुढल्या साली नुसतं गडीच आनतो." त्याने बायांकडे हात उडवला. "मोळ्या बगळी उचलंल. ह्यांचं काय काम ऱ्हायलं आता?"

हे तो रागाने म्हणाला नाही, की कुणाला टोचायलाही नाही. हिशेब जमला म्हणून खुशीत म्हणाला. दीनाला आधी त्याचा अर्थच लागला नाही. टोळीवरचा सगळा आवाज मात्र एकदम बंद झाला होता.

अर्थ तिला भीमाबाईंनी सांगितला, पाचटाच्या कोपीपुढच्या चुलीवर भाकरी थापता थापता. "आमच्यात कसं हाय पोरी, नवरा-बायकू मिळून एक कोयता. गड्यानं तोडायचं, बाईनं मोळी बांधायची, व्हायची. मुकादम जोडी बगून घेतो, एकट्याला न्हाई. माजा मालक गेला, तवापासनं मी दिराच्या जोडीला अर्धा कोयता. टोळीत अकरा जोड्या, म्हंजी अकरा बाया. आता बगळी आली, तर अर्धा कोयता तीच की."

"पण मावशी, तुमची मान..."

"मान दुखली तर तेल लावीन गं. काम गेलं तर काय लावू?" त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "घरी बसून खाऊ म्हनशील, तर पोराची नोकरी सालाच्या सालाला संपती. आन मला कुनाच्या हाताकडं बगायची सवय न्हाई. आमाला बगळी नगं असं बी न्हाई. पर ती बायांच्या हातात द्या म्हनावं. आमी चालवू तिला. मुकादमाच्या हातात नगं."

किती सरळ गोष्ट होती! दीना धावतच आदिनाथकडे गेली. तो केंद्रात जाऊन साहेबांशी बोलला. एकदा, दोनदा, चारदा. मुकादमाला भेटला, साखर कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याला भेटला. यंत्र देताना ते चालवायचं काम बायांनाच मिळेल, अशी अट घाला, एवढंच त्याचं मागणं. केंद्रातल्या साहेबांनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला, आणि समजावलं की मजूर वाचतात हाच तर यंत्राचा फायदा, तो तोटा म्हणून कसा लिहायचा? असा रकाना फॉर्मात नाही.

आदिनाथ परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. त्यानंतर तो भांडेनासा झाला. चहात साखर किती का पडेना, मुकाट्याने प्यायचा. दीनाला त्या शांततेची भीती वाटू लागली.

*

मार्चच्या अठ्ठावीस तारखेला त्याने अहवाल आणला, टेबलावर ठेवला, आणि "चहा सांगून येतो" म्हणून टपरीवर गेला. भर दुपारची वेळ होती. पत्रा तापून कडकड वाजत होता.

दीनाने पानं उलटली. उचललेल्या मोळ्या, लागलेला वेळ, बॅटरीचा खर्च, सगळं चोख. शेवटच्या पानावर एक रकाना होता : मजूर बचत. त्यापुढे निळ्या शाईत आदिनाथच्या हाताने लिहिलं होतं, 'दर टोळीमागे अकरा.' आणि खाली त्याची सही.

तिने ते दोनदा वाचलं. मग तिसऱ्यांदा.

तो चहाचे ग्लास घेऊन आला. तिच्यासमोरचं पान पाहिलं आणि ग्लास हातातच घेऊन उभा राहिला.

"आदिनाथ, या अकरांत मावशी आल्या?"

त्याने नजर ग्लासांकडे वळवली.

"आल्या का?"

"...आल्या."

ग्लासांतल्या चहावर साय धरली तरी त्याने ते खाली ठेवले नाहीत. मग एकदम भडाभडा बोलू लागला. "मग काय करू? तू सांग! मी सही केली नाही तर एकतीसला माझा गाशा गुंडाळला. हे वर्कशॉप बंद. पप्पा काय करणार, तू काय करणार? भोपाळला एक जागा आहे, तिथे जावं लागेल मला. तू इथे, मी तिथे. सही केली तर दोन वर्षं मिळतात, दीना. दोन वर्षं... आपल्याला. दोन वर्षांत मी आईसाठी दुसरं काहीतरी बघेन."

"आणि बाकीच्या दहा जणींसाठी?"

"त्या मला काय..." वाक्य त्याच्या तोंडातच मोडलं. त्या दहा जणींच्या कोप्यांमध्ये तो लहानाचा मोठा झाला होता.

दीनाने पेन घेतलं. इथे खोटं कशाला सांगा? तिला सही करायची होती. मनापासून, जीव तोडून करायची होती. कुलूप लागणार नाही, पप्पांना मान खाली घालावी लागणार नाही, आणि सकाळच्या एसटीने तो येत राहील. एका सहीत तिचं सगळं आयुष्य जागच्या जागी बसत होतं. पण उद्या तो तिच्या घरात राहील, तिच्या हातचं जेवेल, आणि जेव्हा जेव्हा आईला भेटून येईल तेव्हा त्याला हे पान आठवेल. तो तिला दोष देणार नाही. नुसता गप्प होत जाईल, गेला महिनाभर होत होता तसा.

'उद्योजकाचा अभिप्राय' म्हणून एक चौकोन होता. तिने लिहिलं : 'यंत्र चांगलं चालतं. पण आज आहे त्या रीतीने ते बाहेर आलं, तर टोळीतल्या अकरा बायांचं काम जाईल. ते चालवायचं काम त्यांच्याच हाती राहील अशी सोय होत नाही, तोवर माझं वर्कशॉप हे यंत्र बनवणार नाही.' खाली सही केली. दीना यशया साळवे. अक्षर वेडंवाकडं आलं.

त्याने वाचलं आणि खाली बसला.

"तू मला सोडलंस," तो म्हणाला.

"नाही रे... माझं तुझ्यावर फार प्रेम आहे. त्या पहिल्या दिवसापासून." किती दिवस ती हे बोलायचं ठरवत होती, आणि बोलली ती अशा वेळी! "तू भोपाळला जा. मी वाट बघेन. म्हणशील तर मी येईन तिकडे, पप्पांना घेऊन येईन. नुसतं म्हण तू."

त्याने मान वर केली नाही. "माझ्या आईला तू वाचवलंस. आणि मी तिला मोजून रकान्यात टाकली. आता तुझ्याकडे पाहिलं की मला तेच दिसणार."

"मला नाही दिसणार."

"मला दिसेल ना, दीना. जन्मभर."

तिने त्याचा हात धरला. पहिल्या दिवशीसारखा तो तिच्या हातात राहिला नाही. त्याने तो हळूच सोडवून घेतला, फाईल उचलली, आणि दारात पप्पांच्या पाया पडून निघून गेला. पप्पा डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवायला गेले, तोवर तो पायरी उतरला होता. मग फोन आला नाही. दीनाने केले ते त्याने उचलले नाहीत. पहिल्या तारखेपासून त्याचा नंबरच लागेनासा झाला.

*

एप्रिलच्या मध्यावर कारखान्यांचा पट्टा पडला. हंगाम संपला, आणि टोळ्या गावाकडे निघाल्या. एका दुपारी वर्कशॉपपुढे ट्रक थांबला. भांडीकुंडी, गोधड्या, कोंबड्यांची पाटी, आणि त्यावर बसलेली माणसं. भीमाबाई खाली उतरल्या. चालताना त्यांची मान एका बाजूला कलली होती.

"तिसगावला निगालो, म्हनलं पोरीला भेटून जावं." त्यांनी पिशवीतून गुळाची ढेप काढून टेबलावर ठेवली. आतल्या बंद मशिनींकडे त्यांचं लक्ष गेलं. मग खुर्चीवर टेकल्या आणि चेहरा उजळला. "मुकादम सांगत हुता, बगळी बंद झाली म्हनं. त्येनं आमच्या अकरा जोड्या पुढल्या सालासाटी घेतल्या बी. मला ठावं हाय कुनी बंद केली ती."

दीना गुळाची ढेप उचलता उचलता थांबली.

"माज्या आदिनाथानं! आयेसाटी नोकरीवर पानी सोडलं पोरानं. मला सांगितलं न्हाई त्येनं, पर मी काय वळखीत न्हाई का माजं लेकरू?" त्यांनी पदराने डोळे टिपले. "खरं हाय का न्हाई, तूच सांग. तू तितंच हुतीस."

बाहेर ट्रकवाला इंजिन चालू ठेवून उभा होता. दीनाने पप्पांकडे पाहिलं. त्यांनी नजर खाली वळवली.

"खरं आहे, मावशी," ती म्हणाली. "त्यानेच बंद केली."

"बग!" भीमाबाईंना आपलं म्हणणं खरं ठरल्याचा कोण आनंद झाला. मग तो हळूहळू मावळला. त्यांनी दीनाचा हात आपल्या खरबरीत हातात घेतला. "मग असल्या पोराला तू नगं का म्हनलीस गं? मी तुला मनात सून धरलं हुतं. जात न्हाई बगितली, देव न्हाई बगितला. त्येला इचारलं, तर म्हनला, आई, तिलाच नगं हाय. काय कमी पडलं तुला माज्या पोरात?"

ट्रकचा हॉर्न वाजला. वरून कुणीतरी हाक मारली. भीमाबाई हात न सोडता उत्तराची वाट पाहत राहिल्या.

"काही कमी नव्हतं, मावशी," दीना म्हणाली. "माझंच चुकलं."